दमट वहिनींचं काळं कपाट

ऑगस्ट महिन्यात अबूधाबीत घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं चढतं, शर्ट पाठीला चिकटतो आणि आपण या देशात का आलो, असा प्रश्न माणसाला नव्याने पडतो. अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरमध्ये या हवेवर खूश असणारी एकच व्यक्ती होती. ती बाल्कनीत उभी राहून, दोन्ही हात पसरून म्हणायची, "काय सुंदर हवा पडलीय आज. नुसती खावीशी वाटते." आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी. टॉवरमधल्या मराठी बायका त्यांच्या पाठीमागे त्यांना दमट वहिनी म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा माझ्या बायकोला, मेधाला, त्या म्हणाल्या, "कोरड्या वहिनी म्हणण्यापेक्षा बरं."

त्यांच्या या आवडीला कारण होतं. वहिनी जुनी जपानी कपाटं दुरुस्त करत. काळ्या लाखेची, वर सोन्याच्या भुकटीने चित्र काढलेली, आरशासारखी चकचकीत कपाटं. आपण लाख म्हणतो म्हणून मीही म्हणतो, पण ती आपली किड्यांची लाख नव्हे. तो एका झाडाचा चीक. झाड बिब्ब्याच्या भाऊबंदांपैकी, आणि स्वभावही तसाच. पहिल्या वर्षी वहिनींचे दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले होते म्हणे. या चिकाची गंमत अशी की तो उन्हात किंवा पंख्याखाली वाळत नाही. त्याला ओल लागते. दमट, उबदार, बंद जागेत ठेवला तरच तो घट्ट होतो. वहिनी 'वाळला' हा शब्द वापरू देत नसत. "हे वाळत नाही भावजी, पिकतं," त्या म्हणत. एसीवर चालणाऱ्या देशात असलं काम करणं म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखं आहे, असं मी एकदा म्हणालो. त्या म्हणाल्या, "इथे बांधतातच की होड्या. बघितल्या नाहीत का तुम्ही?"

इथल्या मोठ्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे मोलकरणीसाठी एक बिनखिडकीची खोली असते. वहिनींनी त्या खोलीतली एसीची जाळी चिकटपट्टी लावून बंद केली होती. भिंतींना ओले टॉवेल, कोपऱ्यात पाण्याच्या बादल्या, मध्ये लाकडी मांडवासारखं काहीतरी आणि त्यात कपाटांचे सुटे भाग. वहिनींचे यजमान सज्जन गृहस्थ होते, तेल कंपनीत इंजिनियर. त्यांनी नोकरीत कितीतरी पाइपलाइनी कोरड्या ठेवल्या आणि घरी टॉवेल ओले केले. जपानमध्ये त्यांची काही वर्षं बदली होती. तिथे वहिनींना ना भाषा येत होती, ना मैत्रिणी होत्या. गल्लीत एक म्हातारे कारागीर होते, त्यांच्या दारात त्या रोज जाऊन उभ्या राहत. शेवटी त्यांनी वहिनींना आत घेतलं आणि वर्षभर फक्त चीक गाळायला लावला.

त्या गुरूंची एक सवय वहिनींनी उचलली होती. ओल्या खोलीत कोणी यायचं म्हटलं की त्याने आधी उंबऱ्यात उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. आपल्या अंगावरची धूळ खाली बसू द्यायची. वहिनी म्हणायच्या, "निवळा आधी. मग या." गढूळ पाण्याला सांगावं तसं. मी ऑडिटचं काम करतो. लोकांवर अविश्वास ठेवण्याचा मला पगार मिळतो. पण त्या उंबऱ्यात उभं राहिलं की माझ्याही मनातली खळबळ खरोखर तळाला जायची. त्याच वेळी उलटंही व्हायचं. समोरच्या काळ्या पृष्ठभागात आपला चेहरा दिसायचा आणि तो आपल्या आधीच निवळून आपली वाट पाहत असल्यासारखा वाटायचा. मी मेधाला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही रात्री उशिरा जेवता, त्याचं आहे ते."

वहिनींना थाटमाट सोसत नसे. इथल्या मराठी मंडळाने दिवाळीत त्यांचा सत्कार ठेवला. निवेदकाने त्यांना 'जपानी कलेच्या सांस्कृतिक राजदूत' केलं, प्रमुख पाहुण्यांनी शाल पांघरली. वहिनींनी शाल बोटांत धरून पाहिली आणि माइकवर शांतपणे म्हणाल्या, "लोकरीची आहे. हिचे धागे उडतात. मी घरी नेऊ शकत नाही." आणि ती पाहुण्यांच्याच खांद्यावर ठेवून खाली उतरल्या. एका हॉटेलचा इंटिरियरवाला एक सुंदर छोटं कपाट घेऊन आला होता. त्यावरचं अर्धं सोनं झिजलं होतं. त्याला सगळीकडे नवं सोनं हवं होतं. "मॅम, थोडा ब्लिंग चाहिए. लॉबी में दिखना चाहिए ना." वहिनी म्हणाल्या, "तो नल लगाइए. आपके यहाँ सोने के मिलते हैं." तो कपाट घेऊन परत गेला.

कारण त्यांचा एक नियम होता. गुरूंकडून आलेला, पण आता त्यांचा स्वतःचा. "खाली जे आहे तेवढंच वर आणायचं. जे नाही ते काढायचं नाही, जे आहे ते झाकायचं नाही." खाली काय आहे, हे त्या कसं ओळखत, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ही चित्रं आधी ओल्या लाखेने काढतात, मग त्यावर सोन्याची भुकटी पेरतात. सोनं पुढे झिजून जातं, वरून पाहिलं तर नुसतं काळं दिसतं. वहिनी त्या काळ्यावर तोंड जवळ नेत आणि चष्मा पुसताना करतो तसा हळूच श्वास सोडत. श्वासाचं धुकं धरायचं आणि त्या धुक्यात, जिथे पूर्वी रेघ होती तिथे, रेघ उमटायची. एखादी फांदी, एखादा पक्षी. दोन-तीन क्षण. मग धुकं विरायचं आणि पक्षीही. मी फोनवर फोटो काढायचा खूप प्रयत्न केला. फोटोत फक्त धुकं यायचं.

अशात एक दिवस खालांचं कपाट आलं.

खाला म्हणजे शहरातल्या एका जुन्या अरब घराण्यातल्या वृद्ध बाई. नव्वदीच्या आसपासच्या, काठीसारख्या सडसडीत. त्यांचे आजोबा मोत्यांचे व्यापारी, मोती विकायला मुंबईला जायचे. घरातली सगळी लहानपणी मुंबईला येऊन-जाऊन, म्हणून खालांची हिंदी आपल्या भेंडीबाजाराची होती आणि मेधाच्या हिंदीपेक्षा चांगली होती. ते काळं कपाट आजोबांनी मुंबईतच घेतलेलं. पुढे जपान्यांनी मोती पिकवायला सुरुवात केली आणि इकडचा मोत्यांचा धंदा बसला. घर बुडालं, पण कपाट राहिलं. ज्यांनी बुडवलं त्यांच्याच देशाचं कपाट दिवाणखान्यात ठेवणारी माणसं मला आवडली. मी तसं वहिनींना म्हणालो. "कपाटाने काय केलं?" त्या म्हणाल्या.

कपाटाच्या उजव्या दारावर एक घर होतं, डोंगराच्या पायथ्याशी. घरापासून निघून फाटकापर्यंत येणारी पायवाट. घर, डोंगर, फाटक, सगळं सोनं शाबूत. पायवाटेच्या मध्यावर मात्र बोटभर उंचीची जागा पूर्ण काळी. तिथे एक बाई होती, खाला म्हणाल्या. त्यांची थोरली बहीण लग्न करून जहाजातून बसऱ्याकडे गेली, तेव्हा खाला अगदी लहान होत्या. रडायच्या. घरच्यांनी समजूत काढली की ही कपाटावरची बाई म्हणजे तुझी बहीणच. बघ, घरी यायला निघाली आहे. खाला रोज सकाळी जाऊन बोट लावून बघायच्या, किती जवळ आली. बोट लावून लावून सोनं गेलं. बहीण काही आली नाही.

"मेरी आँखें जा रही हैं, बेटी," त्या वहिनींना म्हणाल्या. "डॉक्टर बोला खलास. जाने से पहले एक बार बता दे. वो आ रही थी कि जा रही थी?"

त्यांना एवढंच हवं होतं. त्या बाईचं तोंड कुठे होतं, घराकडे की फाटकाकडे.

वहिनींनी दार ओल्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी उंबऱ्यात निवळलो. वहिनींनी श्वास सोडला. धुक्यात एक बाई दिसली. पाठीवर मोकळे केस, हातात गाठोडं. तोंड फाटकाकडे. घर तिच्या मागे होतं. ती चालली होती. येत नव्हती.

"तुम्हालाही तसंच दिसलं ना?" वहिनींनी विचारलं. मी हो म्हणालो. मग म्हणालो, "वहिनी, येतेय म्हणून सांगा. म्हातारीला दिसत नाही. कोण तपासणार आहे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ऑफिसात असंच करता का?" "ऑफिसात म्हाताऱ्या नसतात," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

त्यातच वहिनींच्या यजमानांची निवृत्ती जवळ आली. इथे निवृत्ती म्हणजे व्हिसा रद्द, फ्लॅट रिकामा आणि विमानतळ. वहिनींना त्याआधी काम पुरं करायचं होतं. पण सोनं पेरण्याआधी सांगायला तर हवंच होतं. शेवटी त्यांनी खालांना घरी बोलावलं. ड्रायव्हर त्यांना धरून वर घेऊन आला. भर दुपारची वेळ, पण त्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे तिथे दुपार नव्हतीच. एक दिवा होता, तोही तिरपा. खालांना उंबऱ्यात थांबायला सांगावं लागलं नाही. त्या आपणहून थांबल्या. इतक्या स्तब्ध, की मला त्यांच्या श्वासाचीच शंका आली.

स्टुलावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "मैं फूँकूँ?"

वहिनींनी त्यांचं डोकं हाताने दाराजवळ नेलं. खालांनी श्वास सोडला. लांब, खोल, जुन्या माणसाचा श्वास. धुकं मोठं पसरलं. पायवाटेवरची बाई दिसली, गाठोडं घेतलेली, जाणारी. आणि तिच्या मागे, घराच्या पायरीशी, आणखी काहीतरी उमटलं. एक लहान मुलगी. हात पुढे केलेला. ती जाणाऱ्या बाईकडे बघत उभी होती.

वहिनींनी माझा दंड धरला. पुढे त्यांनी मला सांगितलं, आणि त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, की पायरीशी त्यांनी रोज श्वास सोडला होता. तिथे काही नव्हतं. मी त्यांना म्हणालो, खालांचा श्वास जास्त गरम असेल, तोंड जास्त जवळ असेल. तो तर्क अगदी वाजवी होता आणि आम्हा दोघांनाही त्याचा काही उपयोग झाला नाही.

"क्या आया?" खालांनी विचारलं. त्यांना धुकंसुद्धा दिसत नव्हतं.

मी वहिनींकडे बघत होतो. मला वाटलं, आता तरी. वहिनी म्हणाल्या, "खाला, वो जा रही है." थोडं थांबून म्हणाल्या, "और पीछे एक बच्ची है. हाथ लंबा किया है."

खालांनी मान दाराकडे वळवली. मग म्हणाल्या, "वो तो मैं हूँ." एखाद्या जुन्या फोटोत स्वतःला ओळखावं तितक्या साध्या आवाजात. मग त्यांनी वहिनींचा हात शोधला. "उसको सोना लगा दे, बेटी. जाने दे उसको. बच्ची को मत लगाना. लगाएगी तो खड़ी रह जाएगी."

त्यानंतरचे काही दिवस वहिनी दिसल्याच नाहीत. मेधा भाजणीची थालीपीठं घेऊन गेली तर दारातूनच घेतली. एवढी वर्षं जे आहे ते झाकायचं नाही म्हणून कित्येक लॉब्या त्यांनी नाराज केल्या होत्या. आता एक बाई जे आहे ते झाकायला सांगत होती, आणि तिचा तो हक्क होता, असं वहिनींना वाटत होतं. अखेर त्यांनी जाणाऱ्या बाईवर सोनं पेरलं. पाठीवरचे केस, गाठोडं, पाऊल. पायरीशी मात्र, मुलगी पुन्हा कुणाच्या श्वासात उमटू नये म्हणून, काळ्या लाखेचा हात दिला. मला म्हणाल्या, "पहिल्यांदा काहीतरी झाकलं, भावजी." त्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता.

सोनं पिकलं. बाकी दार पिकलं. पायरीशी हाताच्या पंजाएवढी जागा मात्र पिकेना. वहिनींनी टॉवेल वाढवले, पाणी गरम ठेवलं, एकदा तो भाग खरवडून काढून नवा हात दिला. दिसायला अगदी गुळगुळीत, आरशासारखी जागा. पण बोट ठेवलं की बोट सोडायला तिला क्षणभर वेळ लागायचा. मीही ठेवून पाहिलं. चिकट असं नव्हे. हलकीशी ओढ. आपण निघालो की लहान मूल करंगळी धरतं ना, तेवढी.

चिकात भेसळ असेल, मी म्हणालो. त्याच भांड्यातला चीक दाराच्या कडेला लावला होता, तो दगडासारखा झाला होता. वहिनींनी मला फक्त ती कड दाखवली.

सामान बांधून झालं. कपाट घ्यायला खाला स्वतः आल्या. वहिनींनी खरं ते सांगितलं, की ती जागा अजून ओली आहे, मी देऊ शकत नाही. खालांनी वाकून बोट ठेवलं. ठेवूनच राहिल्या. "पकड़ता है," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "रहने दे. मेरे घर में सूखेगा, इन्शाल्ला. नहीं सूखा तो भी मेरा ही है." मग वहिनींना जवळ घेऊन त्यांच्या कपाळाला कपाळ लावलं. "तू आएगी ना देखने?" वहिनी म्हणाल्या, "आऊँगी."

वहिनी पुण्याला गेल्या. तिथली हवा कोरडी, त्यांनी पुन्हा चीक हातात धरला नाही. दर शुक्रवारी त्या खालांना फोन करत आणि नंतर मला. संभाषण मला पाठ झालं होतं. त्या विचारत, सूखा? खाला सांगत, नहीं बेटी, अभी भी पकड़ता है. वहिनी मला म्हणायच्या, "भावजी, एकदा जाऊन बघा हो. मी येईपर्यंत लक्ष ठेवा." मी अधूनमधून जायचो. खालांच्या घरात एसी जोरात चालायचा, खिडक्या बंद, हवा पापडासारखी. अशा हवेत ती जागा ओली राहायला काहीही कारण नव्हतं. कडक व्हायलाही नव्हतं, हे वहिनींचं शास्त्र. मी बोट ठेवायचो. ती धरायची. मी काढून घ्यायचो आणि गाडीत बसल्यावर उगाच ते बोट रुमालाला पुसायचो.

मग एका सकाळी वहिनींच्या यजमानांचा फोन आला. आदल्या दिवशी दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. त्यांनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि मग विचारलं, "खालांना तुम्ही सांगाल का? मला हिंदीत जमणार नाही."

मी दुपारी गेलो. रस्ताभर मी मनाशी ठरवत होतो की तब्येत बरी नाही म्हणावं. आवाज बसलाय, फोन करता येत नाही. मग पुढे हळूहळू. नव्वदीच्या बाईला कोण कळवणार आहे? ड्रायव्हरने दार उघडलं. खाला कपाटाजवळ खाली गादीवर बसल्या होत्या, पाठ ताठ, काठी मांडीवर. मी उंबऱ्यातच थांबलो. त्या घरात कोणी थांबायला सांगत नसे, तरी.

"आओ," त्या म्हणाल्या. "उसका फोन आना था आज. नहीं आया. वो आ रही है क्या?"

मी तोंड उघडलं. जे बोलायचं ठरवलं होतं ते तोंडात आलं नाही. "नहीं, खाला," मी म्हणालो. "वो गई."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत, की कधी, कशी, असं विचारलं नाही. हात पुढे केला. तो हात कागदासारखा कोरडा होता. माझं बोट धरून त्यांनी ते दारावर, पायरीशी नेलं.

"कल दोपहर से छोड़ दिया," त्या म्हणाल्या. "अब नहीं पकड़ता."

काल दुपारी, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी बोट टेकवलं. थंड, कडक, काचेसारखं. मी तसाच थांबून राहिलो. कदाचित आता, कदाचित आता, असं काहीतरी मनात चाललं होतं. मग बोट उचललं. ते लगेच सुटलं. इतकं सहज सुटेल याची माझी तयारी नव्हती.